वाटीतलं वरण ओळखू आलं पाहिजे: तोंडाच्या कॅन्सरमध्ये घरचं जेवण मऊ करताना

(या भागाचा लिखित पाठ. ऐकताना मापं निसटतात, म्हणून बोललेलं थोडं साफ करून इथे देतोय. कामाचा भाग वाटला तर स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाका.)



आज विषय घरातला आहे. मी मूळचा मोहाडीचा. भंडाऱ्याहून तुमसरला जाताना लागतं ते तालुक्याचं गाव. बाहेरचे लोक चौंडेश्वरी मातेच्या देवळामुळे ओळखतात. आमच्यासाठी मोहाडी म्हणजे धानाच्या बांध्या, तळी, आणि दोन्ही वेळेला भात. पोळी झाली तरी भात हवा. भाताशिवाय जेवण झालं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

माझ्या मोठ्या बाबांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, मग रेडिएशन सुरू झालं. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात मी घरी गेलो होतो. दुपारी मोठ्याईनं त्यांच्यापुढे एक वाटी ठेवली. वाटीत भात, वरण, पालक, बटाटा, सगळं एकत्र मिक्सरमधून काढलेलं. रंग म्हणाल तर राखाडी-हिरवा.

मोठे बाबा बघत राहिले. म्हणाले, "हे काय होय?"

"जेवनच होय जी. सगळंच टाकलं त्यात. घ्या न जी."

त्यांनी दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली. त्यानंतर चार दिवस फक्त पेज. पुढच्या तपासणीत वजन अडीच किलोनं कमी भरलं. मोठ्याई हॉस्पिटलच्या बाकावर बसून रडली. तिचं म्हणणं एकच, "मी तं सगळं करून देतो, हेच खात नाहीत."

मंडळी, मोठ्याईचं काही चुकलं नव्हतं. जेवण मऊ करा, एवढंच तिला कोणीतरी सांगितलं होतं. कसं करायचं, किती द्यायचं, आणि समोर काय ठेवलं की माणूस खातो, हे कोणी सांगितलं नव्हतं. आजचा भाग त्यावर आहे.

आपल्याकडेच हे इतकं का?

उत्तर तुम्हाला माहीत आहे. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घासून. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते. आणि नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कॅन्सरच्या पक्क्या कारणांच्या यादीत टाकलं आहे.

सुपारी आणखी एक काम करते. गालाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. साधारणपणे आपली तीन बोटं उभी तोंडात जातात. खर्रा खाणाऱ्या कितीतरी पोरांची दोनच जातात, काहींचं एक. म्हणजे आजार व्हायच्या आधीच जेवणाचा दरवाजा अर्धा बंद. मग त्यावर ऑपरेशन, त्यावर रेडिएशन.

भंडारा जिल्ह्यातले पेशंट बहुतेक नागपूरला जातात. कोणी मेडिकलला, कोणी राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला, कोणी जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला. सोबत कोण जातं? घरातला स्मार्टफोनवाला. म्हणजे तुम्ही. फाईल तुमच्या हातात, रिपोर्ट तुमच्या मोबाईलमध्ये. म्हणून जेवणाचा हिशोबही तुम्हीच शिकून घ्या.

तोंडात नेमकं होतं काय?

डोक्या-मानेच्या कॅन्सरचं रेडिएशन साधारण सहा ते सात आठवडे चालतं, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलल्यासारखं होतं, छाले येतात. लाळ कमी होते आणि जी असते ती चिकट, तारेसारखी. चव बदलते. गोड लागत नाही, मीठ कडू लागतं, काहींना सगळंच मातीसारखं. आणि हा त्रास शेवटच्या दिवशी थांबत नाही, उपचार संपल्यावरही काही आठवडे राहतो. लाळेला आणि चवीला तर महिने लागतात. लाळ काहींची पूर्ण परत येतही नाही.

आता वजनाचं महत्त्व बघा. रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात. तो त्या माणसाच्या चेहऱ्याच्या मापाचा असतो, म्हणजे किरण रोज नेमक्या त्याच जागी पडतात. वजन खूप उतरलं की मास्क सैल होतो. मग नवा मास्क, कधी पुन्हा स्कॅन, कधी उपचारात खंड. आणि या उपचारात मध्येच खंड पडणं चांगलं नसतं. म्हणून वाटीतलं जेवण हा उपचाराचाच भाग धरा. डॉक्टर दर आठवड्याला वजन बघतात ते उगाच नाही.

पेजेचा हिशोब

आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की पेज. पचायला हलकी, गिळायला सोपी, आईच्या हातची. पेजेवर माझंही प्रेम आहे. पण हिशोब करू.

एका वाटी पेजेत साधारण २० ग्रॅम तांदूळ असतो. त्यातून मिळतात ७० च्या आसपास कॅलरी आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रोटीन. दिवसाला पाच वाट्या घेतल्या तरी ३५० कॅलरी आणि सात ग्रॅम प्रोटीन.

गरज किती? कॅन्सरच्या पेशंटसाठी ढोबळ माप असं की दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी, आणि प्रोटीन किमान एक ग्रॅम, जमलं तर दीड. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रोटीन. (किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचं माप डॉक्टरच ठरवतील.)

आता दिसलं? माणूस दिवसातून पाच वेळा खातोय, घरच्यांना वाटतंय पोटात जातंय, आणि प्रत्यक्षात तो पाव हिश्श्यावर जगतोय. चार दिवस पेज खाऊन मोठ्या बाबांचं वजन का उतरलं, हे मला हा हिशोब केल्यावर कळलं.

तीच वाटी जड कशी करायची? २० ग्रॅम तांदळात २० ग्रॅम मूगडाळ घाला. शिजल्यावर दोन छोटे चमचे तूप आणि दोन मोठे चमचे साईच्या दुधाची पावडर मिसळा. वाटी तेवढीच राहिली. पण कॅलरी झाल्या ३०० च्या वर आणि प्रोटीन दहा ग्रॅम. अशा पाच वाट्या म्हणजे १५०० कॅलरी आणि ५० ग्रॅम प्रोटीन. दिवस निघाला!

घास वाढवायला सांगू नका, घासातला माल वाढवा. ज्याला एकेक घोट गिळताना डोळ्यात पाणी येतं, त्याला "अजून दोन चमचे घ्या" म्हणणं म्हणजे अजून दोनदा दुखणं.

पुरणयंत्र काढा

मिक्सर असेल तर उत्तम. पण लाईट गेली की मिक्सर गेला. आपल्या घरात एक वस्तू सणाला निघते आणि मग वर्षभर माळ्यावर असते. पुरणयंत्र! शिजलेली डाळ, भाज्या, बटाटा, सगळं त्यातून झकास निघतं. लाईट लागत नाही, आणि टरफलं, दोरे वर राहतात. मिक्सर टरफल बारीक करतो, काढत नाही. तोच बारीक तुकडा छाल्यावर वाळूसारखा लागतो. म्हणून मिक्सर वापरला तरी शेवटी गाळणी हवीच. बारीक जाळीची पिठाची चाळणी आणि चमच्याची पाठ, झालं.

आता काही गोष्टी ज्या आम्ही चुकत चुकत शिकलो.

एक, गरम असतानाच वाटा. गार भात मिक्सरमध्ये घातला की डिंक तयार होतो. आधी पातळ गरम वरण किंवा दूध घाला, मग थोडा थोडा भात. आणि फार वेळ फिरवू नका. भात जितका जास्त फिरेल तितका चिकट होतो, आणि लाळ नसलेल्या तोंडात चिकट घास टाळूला जाऊन बसतो. तूप त्याला सोडवतं. म्हणून तूप ताकदीसाठीही आणि घसरणीसाठीही.

दोन, पातळ करायला पाणी शेवटचा पर्याय. दूध, वरणाचं घट्ट पाणी, चिकनचं पाणी, साय, यातलं काही वापरा. पाण्यानं वाटी वाढते, जेवण वाढत नाही.

तीन, फार गरम देऊ नका. कोमट किंवा गार. छाल्यांना गरम सोसत नाही.

चार, तोंडात गेलेला चमचा मोठ्या वाटीत परत बुडवू नका. लाळेत पिष्ट पदार्थ फोडणारा रस असतो. चमच्यावरून तो वाटीत गेला की घट्ट केलेला भात थोड्या वेळात पाण्यासारखा होतो. जेवढं खाणार तेवढंच छोट्या वाटीत काढा.

पाच, आणि ही सगळ्यात मोठी: सगळं एकत्र फिरवू नका. वरण वेगळं, भात वेगळा, भाजी वेगळी. प्रत्येकाचा रंग वेगळा दिसू द्या.

या पाचव्या गोष्टीनं आमच्याकडे फरक पडला. मोठ्याईनं दुसऱ्या आठवड्यात स्टीलच्या ताटलीत पांढरा भात, त्याच्या बाजूला पिवळं वरण, वर तुपाची धार असं वाढलं. दोन्ही मऊसूत, गाळलेलं. मोठ्या बाबांनी विचारलं, "काय होय आज?" मोठ्याई म्हणाली, "वरन-भात." त्यांनी सगळं संपवलं असं नाही सांगत. अर्धं खाल्लं. पण काय खातोय हे त्यांना माहीत होतं.

आपले पदार्थ, मऊ रूपात

नियम सोपा आहे. वेगळा स्वयंपाक नको. घरात जे शिजतंय त्यातूनच, तिखट पडायच्या आधी, त्यांचा वाटा काढायचा.

*वरण-भात.* तूर किंवा मूगडाळ भरपूर शिजवा, पुरणयंत्रातून काढा. फोडणी तुपाची, जिरं आणि हिंग. फोडणी झाली की गाळून फक्त तूप वरणात. जिऱ्याचा दाणा वरच राहील, वास आत जाईल. लिंबू नाही, चिंच नाही, टोमॅटो नाही. आंबट छाल्यांना झोंबतं.

इथे एक सांगतो. आपल्याकडे लाखोळीची डाळ घरोघरी आहे. पण ज्याचं जेवण आता पाच वाट्यांवर आलंय, त्याला रोज तीच डाळ देऊ नका. लाखोळी सतत आणि मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायातली ताकद जाण्याचा आजार होऊ शकतो. मूग आणि तूर बऱ्या.

*पाटोडी.* पाहुणे आले की पाटोडी-रस्सा, हे आपलं. वडी आणि तर्री दोन्ही आता बंद. पण पाटोडी मुळात काय आहे? शिजवलेलं बेसन. वडी थापायच्या आधी थांबा. बेसन आधी ताकात किंवा पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, गाळा, मग मंद आचेवर पिठल्यासारखं शिजवा. ताक आंबट नको, झोंबत असेल तर दूध-पाणी घ्या. रश्शासाठी कांदा आणि सुकं खोबरं भाजा, खसखस घाला, एकदम बारीक वाटा, उकळा, गाळा. मिरची नाही, गरम मसाला नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास घरभर फिरतो. चव हरवलेल्या माणसाला बऱ्याचदा वासच आठवण देतो.

*डाळ-भाजी.* लग्नातली पालकाची डाळ-भाजी तर जवळजवळ तयारच आहे. पालकाचे देठ काढा, पानंच घ्या. शेंगदाणे अख्खे नकोत. भाजून, साल काढून, पाण्यासोबत लोण्यासारखे वाटून घाला. दोन चमचे शेंगदाण्याचं वाटण म्हणजे चांगली शंभरेक कॅलरी.

*वांग्याचं भरीत.* धुराचा वास हवाहवासा, पण बिया आणि जळकी साल त्रासाची. चुलीवर भाजा, साल नीट सोला, पुरणयंत्रातून काढा, मग चाळणीतून. घट्ट गोड दह्यात मिसळा. कच्चा कांदा, सांबार नको.

*मासोळी आणि चिकन.* वैनगंगेच्या काठावरची माणसं आपण, मासोळीशिवाय किती दिवस काढणार? पण काटा ही चेष्टा नाही. बारीक काट्याची मासोळी सरळ टाळा. मोठ्या माशाचा तुकडा हळद-मिठात उकडा, हातानं दोनदा काटे तपासा, पाण्यासोबत वाटा, आणि गाळणीतून काढल्याशिवाय देऊ नका. चिकनचं तसंच. नुसतं चिकनचं पाणी देऊन "सूप दिलं" म्हणू नका. ताकद मांसात असते, पाण्यात फारच थोडी. मांस वाटून त्याच पाण्यात मिसळा. घरच्यांसाठी सावजी होऊ द्या, पण यांचा वाटा मसाला पडायच्या आधी बाजूला.

*अंडं.* एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. पूर्ण उकडलेलं अंडं गरम दुधासोबत फिरवा, मीठ आणि तूप घाला. पिवळा भाग कोरडा लागतो, दुधानं तो सुटतो. अर्धं कच्चं अंडं या दिवसांत नाही. शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते.

*शिंगाड्याची खीर.* तळ्याच्या जिल्ह्यात राहून हे विसरायचं का! शिंगाड्याचं पीठ तुपात मंद भाजा, गार दुधात कालवा, मग शिजवा. एकदम गुळगुळीत होते, गाळायचीही गरज कमी. वेलची आवडत असेल तर अगदी बारीक पूड. गार करून द्या. आमच्याकडे शेवटच्या आठवड्यांत रोज हीच चालली.

"पथ्य" कोणाचं ऐकायचं?

पेशंट घरी आला की सल्ले येतात. भात बंद करा, दही कफ करतं, तूप जड, आणि सगळ्यात जोरात: साखर कॅन्सरला वाढवते, गोड बंद! मोबाईलवर तर रोज एक व्हिडिओ.

बघा, भात खाल्ला तरी शरीर त्याची साखरच करतं. प्रत्येक पेशीला ती लागते. गोड बंद केल्यानं गाठ उपाशी राहत नाही, माणूस उपाशी राहतो. डायबिटीस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचं ऐका. पण डायबिटीस नसलेल्या, रोज वजन उतरणाऱ्या माणसाची खीर कोणा पाहुण्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. दुधानं लाळ जास्त चिकट वाटत असेल, तर दूध घेतल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा. आणि कोणतीही वाटी, हळद असो की गोमूत्र असो की आणखी काही, कॅन्सर बरा करत नाही. उपचार नागपूरलाच होणार. वाटीचं काम माणसाला त्या उपचारापर्यंत उभं ठेवणं.

हे मात्र गंभीरपणे

आता जो भाग सांगतोय तो घाईनं स्क्रोल करू नका.

घट्टपणा स्वतः ठरवू नका. कोणाला पातळ सोपं जातं, कारण तोंडच उघडत नाही. कोणाला पातळच धोक्याचं, कारण ते चुकीच्या नळीत, म्हणजे श्वासाच्या नळीत उतरतं. जगभरात यासाठी ० ते ७ अशी एक मोजपट्टी वापरतात, तिचं नाव आयडीडीएसआय. त्यात ४ नंबर म्हणजे प्युरी. घरी तपासायची पद्धत सोपी आहे. चमच्यात घ्या, आकार धरून राहिला पाहिजे. चमचा तिरपा केला की एका गोळ्यात सुटून पडला पाहिजे, चिकटून राहायला नको. काट्याच्या चमच्यावर ठेवला तर वर ढीग राहिला पाहिजे, धार लागून गळायला नको. गुठळी नाही, आणि बाजूला पाणी सुटलेलं नाही. आपल्या पेशंटला कोणता नंबर, हे हॉस्पिटलमधल्या गिळण्याच्या थेरपिस्टला किंवा डॉक्टरला विचारा. एक प्रश्न, एक उत्तर, मोबाईलमध्ये नोंद.

खाताना खोकला येतो, खाल्ल्यावर आवाज घोगरा-ओला होतो, धाप लागते, किंवा मध्येच ताप येतो? तोंडानं देणं थांबवा आणि हॉस्पिटलला फोन करा. काही वेळा खोकला न येताही अन्न फुप्फुसात जातं, म्हणून ताप हलक्यात घेऊ नका.

जेवताना ताठ बसवा, आणि नंतर अर्धा तास तरी झोपवू नका. जेवणाआधी डॉक्टरांनी दिलेली मीठ-सोड्याची गुळणी किंवा छाल्यांचं औषध लावा, म्हणजे तेवढा वेळ दुखणं कमी.

शिळं नाही. आपल्याकडे रात्रीचा भात सकाळी फोडणीला घालतात, पण या घरात सध्या नाही. भातात शिजल्यावरही तग धरणारे जंतू असतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. उरलेलं लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि एका दिवसात संपवा. लाईटचा भरवसा नसेल तर थोडं थोडं ताजंच करा.

आणि नाकात नळी असेल तर वरची कोणतीही घट्ट वाटी नळीतून घालायची नाही, ती तुंबते. नळीचं जेवण पातळ, बारीक गाळलेलं, आधी आणि नंतर पाण्यानं नळी धुवून, नर्सनं दाखवलं तसंच. डॉक्टर नळी घालू म्हणाले की घरात रडारड होते, जणू संपलं सगळं. तसं नसतं. बऱ्याच जणांची नळी काही आठवड्यांनी निघते, आणि तोवर वजन टिकतं. नळी असतानाही तोंडानं थोडं गिळता येईल का, हे विचारा. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर आळसावतात. ते उत्तर आपल्या मनानं मात्र द्यायचं नाही.

ताट कुठे ठेवायचं?

शेवटचं. आमच्या घरी मोठे बाबा आतल्या खोलीत एकटे जेवायला लागले होते. ओठातून सांडायचं, वेळ लागायचा, पोरं बघतात याची लाज वाटायची. आम्हीही त्यांच्यासमोर तर्री ओढायला लाजत होतो. दोन्हीकडून भिंत.

मग मोठ्याईनं एका रात्री सगळ्यांनाच पिठलं-भात केला. आमचं झणझणीत, त्यांचं गुळगुळीत. पातेलं एकच होतं, फक्त त्यांचा वाटा मिरची पडायच्या आधी निघाला. त्यांचं ताट आमच्या ओळीत. मांडीवर टॉवेल, हातात लहान पोरांचा अरुंद चमचा, कारण मोठा तोंडात जात नव्हता. आमचं जेवण दहा मिनिटांत झालं. पण कोणी उठलं नाही. माझा चुलतभाऊ धानाच्या भावावर बोलत बसला आणि मोठे बाबा मध्ये मध्ये मान हलवत पाऊण तास जेवले. त्या आठवड्यात वजन उतरलं नाही. वाढलंही नाही. पण काट्यावर तोच आकडा बघून मोठ्याईनं हॉस्पिटलच्या बाहेर चहा पाजला सगळ्यांना.

उपचार पूर्ण झाला. पुढचं पुढे. तोंड अजून दोन बोटंच उघडतं, आणि पाटोडी अजून वडी न थापताच खातात. मागच्या महिन्यात त्यांनी तक्रार केली, "मीठ कमी होय." मोठ्याई एवढी खूश कधी झालेली मी पाहिली नाही. म्हणजे मीठ लागतंय जिभेला!

तर मंडळी, घरात असा कोणी असेल तर आज तीन कामं करा. वजन लिहून ठेवा, दर आठवड्याला. पुढच्या तपासणीत आहारतज्ज्ञांना भेटायचंय असं स्वतःहून सांगा, आणि घरी काय काय शिजतं त्याची यादी सोबत न्या. आणि संध्याकाळी वाटी पुढे ठेवताना तिचं नाव घेऊन ठेवा. वरण म्हणा, खीर म्हणा.

आणि खिशात पन्नी असेल तर... मी काही बोलत नाही. आरशासमोर उभं राहून तीन बोटं जातात का तेवढं बघा. जात नसतील, किंवा तोंडातली एखादी जखम, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर तसंच उठून दवाखान्यात जा.

तुमच्या घरचा कोणता पदार्थ मऊ करून जमला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. झाडीपट्टीतल्या आज्यांकडे काय काय युक्त्या असतील, त्यावर आपण पुढे बोलू. भेटू पुढच्या भागात. जेवून घ्या!